एका क्रियापदाचे चार शनिवार : सदाशिव पेठेतील एका इंग्रजी लेखनवर्गाविषयी

ज्या वर्गाविषयी हे लिहीत आहे त्याचे नाव मी देणार नाही, कारण पुढे त्याच्या छापील पुस्तिकेबद्दल मला थोडे कठोर लिहायचे आहे आणि वर्ग चालवणाऱ्या बाईंनी मला चारही शनिवारी घरचा चहा पाजला आहे. सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दर शनिवारी दुपारी दोन तास हा वर्ग भरतो. फी सोळाशे रुपये. आम्ही चौदा जण होतो आणि सगळेच पोटापाण्यासाठी इंग्रजी लिहिणारे होतो : एक निवृत्त बँक अधिकारी, दोन तरुण वकील, एका कारखान्यात सूचनापत्रके लिहिणारा मुलगा, आणि माझ्यासारख्या मराठी-इंग्रजी अनुवाद करणाऱ्या तिघी. चार आठवड्यांत आम्ही शिकलो ते फक्त एक क्रियापद, 'चेंज', आणि त्याच्या आजूबाजूला वावरणारे डझनभर शब्द. जाहिरातीत हे वाचले तेव्हा सोळाशे रुपये एका शब्दाला जरा जास्तच आहेत, असे मला वाटले होते.

तरीही गेले, त्याला कारण घडले. एका गृहनिर्माण संस्थेच्या सभेचा ठराव मी इंग्रजीत करून दिला होता आणि 'उपविधींमध्ये', म्हणजे संस्थेच्या अंतर्गत नियमांमध्ये, 'बदल' याला तीन ठिकाणी 'चेंज' असे लिहिले होते. संस्थेच्या वकिलांनी तिन्ही ठिकाणी लाल शाईने काट मारून 'अमेंडमेंट' लिहिले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम १३ मध्ये उपविधींसंबंधी हाच शब्द आहे, हे मला त्यांनी सांगण्याची गरज नव्हती, कारण ते मला माहीत होते. मला जे माहीत नव्हते ते असे की, तिथे 'अमेंडमेंट' का, आणि कंपनीच्या घटनापत्रकाच्या, म्हणजे मेमोरँडमच्या, बाबतीत 'ऑल्टरेशन' का, आणि शहराच्या विकास आराखड्याच्या बाबतीत 'मॉडिफिकेशन' का. तीनही ठिकाणी मराठीत आपण 'बदल' म्हणून मोकळे होतो. इतकी वर्षे हे शब्द मी सवयीने योग्य जागी ठेवत आले होते, आणि सवय चुकली की काय होते ते लाल शाईने दाखवले.

पहिला शनिवार पूर्णपणे 'चेंज' या शब्दाचा होता आणि चारही सत्रांत तो सर्वोत्तम होता. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्यामागे उत्तरकालीन लॅटिनमधले 'कांबिआरे' हे क्रियापद आहे, ज्याचा अर्थ अदलाबदल करणे, एक देऊन दुसरे घेणे. म्हणजे मूळ कल्पना वस्तू वेगळी होण्याची नसून वस्तूच्या जागी दुसरी वस्तू येण्याची आहे. इथवर कोणत्याही चांगल्या कोशात मिळेल. बाईंनी पुढे फळ्यावर 'बदल' हा शब्द लिहिला आणि विचारले की, हा मराठीत कुठून आला. अरबीतून, हे दोघांना ठाऊक होते, पण त्या अरबी 'बदल' चा मूळ अर्थही 'ऐवजी आलेली वस्तू' असाच आहे, हे लक्षात आल्यावर वर्ग एकदम जागा झाला. मोबदला, बदला, गिरणीतला 'बदली' कामगार, सरकारी नोकराची बदली, इतकेच काय, 'च्याबद्दल' मधला 'बद्दल' सुद्धा त्याच घरातला. एकमेकांशी कसलाही संबंध नसलेले दोन शब्द, एक लॅटिनच्या वाटेने आणि दुसरा अरबी-फारसीच्या वाटेने, बाजारातल्या देवघेवीतून निघून 'निराळे होणे' या अर्थापर्यंत येऊन पोचले आहेत. नाण्यांना इंग्रजीत 'चेंज' का म्हणतात याचे उत्तरही यातच आले, कारण मोठ्या नोटेच्या बदल्यात जे मिळते ते 'चेंज'. आपण मात्र तिथे नोट मोडतो आणि 'मोड आहे का' असे विचारतो. त्या ठिकाणी मराठीला देवघेव दिसत नाही, तुकडे दिसतात.

हे मूळ कळल्यामुळे उपयोगाच्या चुका आपोआप उकलत गेल्या, ही या सत्राची खरी कमाई. बल्ब बदलणे, गाडीचे टायर बदलणे, कपडे बदलणे, घर बदलणे यांत वस्तू तीच राहून वेगळी होत नाही, तर जुनी जाऊन नवी येते. स्वभाव बदलणे, हवा बदलणे यांत वस्तू तीच असते. इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषा या दोन गोष्टी एकाच क्रियापदावर भागवतात आणि त्यामुळे दोन्हीकडे गोंधळ सारखाच होतो. 'तिचा नवरा बदलला' आणि 'तिने नवरा बदलला' या दोन वाक्यांत क्रियापदाचे रूप एकच आहे, सगळा संसार त्या 'चा' आणि 'ने' वर टांगलेला आहे, असे बाई म्हणाल्या तेव्हा बँकेतले काका इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. इंग्रजीत हेच काम शब्दांचा क्रम आणि शब्दयोगी अव्यये करतात. 'चेंज फॉर' म्हणजे त्याच्या बदल्यात दुसरे घेणे, 'चेंज इंटू' म्हणजे त्याचेच दुसरे काही होणे. आणि लक्ष्मी रोडवरच्या दुकानात सदरा परत देऊन दुसरा घ्यायचा असेल तर शुद्ध इंग्रजीत 'एक्सचेंज' म्हणावे, कारण नुसते 'चेंज' म्हटल्यास तुम्ही तो दुकानातच उतरवून दुसरा घालणार आहात की काय, अशी शंका घेता येते. जिल्हा न्यायालय स्थानकावर मेट्रोच्या दोन मार्गिका एकमेकींना भेटतात आणि तिथे आपण मराठीत 'गाडी बदलतो', एकवचनात. इंग्रजीत मात्र 'चेंज ट्रेन्स' असे अनेकवचन लागते, कारण अदलाबदलीला दोन गाड्या हव्यात. मी हे अनेकवचन आजवर पाठ करून वापरत होते. त्याचे कारण सांगणारे कोणी पहिल्यांदाच भेटले.

दुसऱ्या शनिवारपासून समानार्थी शब्द सुरू झाले. पीटर मार्क रोजे या इंग्रज वैद्याने १८५२ मध्ये आपला प्रसिद्ध समानार्थी शब्दसंग्रह, म्हणजे 'थिसॉरस', प्रकाशित केला तेव्हा त्याने शब्द वर्णक्रमाने न लावता कल्पनांनुसार लावले, हे सांगून बाईंनी एक मुद्दा ठासून मांडला : असा संग्रह ज्याला शब्द माहीत आहे पण ऐन वेळी आठवत नाही त्याच्यासाठी असतो, ज्याला शब्द माहीतच नाही त्याच्यासाठी नसतो. आपल्याकडे तो नेमका उलटा वापरला जातो. 'चेंज' दोनदा आला म्हणून तिसऱ्यांदा 'ऑल्टर' आणि चौथ्यांदा 'मॉडिफाय' लिहायचे, ही शाळेत निबंधासाठी लावलेली सवय कचेरीत घात करते. त्याऐवजी त्यांनी कसोटी म्हणून एकच प्रश्न दिला आणि उरलेले तीनही शनिवार त्या प्रश्नावर काढले : बदल झाल्यानंतर मूळचे काय शिल्लक राहते?

'ऑल्टर' हा लॅटिनमधला 'दोघांपैकी दुसरा' या अर्थाचा शब्द आहे, परंतु त्याचा चालू अर्थ समजायला शिंप्याच्या दुकानासारखी दुसरी शाळा नाही. पुण्यातल्या कोणत्याही पेठेत 'येथे ऑल्टर करून मिळेल' अशी पाटी सापडते आणि त्या पाटीवरचा इंग्रजी शब्द कित्येक पदवीधरांच्या इंग्रजीपेक्षा अचूक असतो. पँट कमरेत आवळली, उंची दोन बोटे कमी केली, तरी पँट पँटच राहते. तिची पिशवी शिवली तर ते ऑल्टर नव्हे. धनादेशावर रक्कम खोडून दुसरी लिहिली तर कागद तोच राहतो आणि नेमके म्हणूनच ते धोक्याचे असते. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या कलम ८७ मध्ये यालाच 'मटेरिअल ऑल्टरेशन' म्हटले आहे आणि मराठीत त्याला 'खाडाखोड' हा जितका जिवंत शब्द आहे तितका इंग्रजीकडेही नाही. कंपनी अधिनियम, २०१३ याची कलमे १३ आणि १४ अनुक्रमे घटनापत्रक आणि नियमावली यांच्या 'ऑल्टरेशन' विषयी आहेत. कंपनी तीच, तिच्या अंगावरचा कपडा थोडा सैल किंवा घट्ट केला, असे समजले की शब्द कायमचा लक्षात राहतो. अमेरिकेत मांजराला 'ऑल्टर' केले म्हणजे त्याची नसबंदी केली, हेही जाता जाता कळले. नातेवाइकांना पत्र लिहिताना उपयोगी पडेल.

इथेच माझा बाईंशी मतभेद झाला, आणि तो त्यांनी ज्या पद्धतीने हाताळला त्यावरून मला शिकवणाऱ्याची पारख झाली. नाना पेठेत जाऊन गाडीचा सायलेन्सर किंवा हँडल बदलून घेणारी मुले 'गाडी मॉडिफाय केली' असे म्हणतात, मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ मध्ये शब्द 'ऑल्टरेशन' असा आहे आणि त्याच्या स्पष्टीकरणात असे म्हटले आहे की, वाहनाच्या रचनेतील ज्या बदलामुळे त्याचे मूळ वैशिष्ट्यच बदलते तो 'ऑल्टरेशन'. म्हणजे शिंप्याच्या ऑल्टरच्या अगदी उलट. मी हे मांडले तेव्हा, "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, माझी कसोटी इथे अडते," असे त्या सरळ म्हणाल्या. मग त्यांनी दाखवले की, कायदा जेव्हा 'या कलमाच्या प्रयोजनार्थ' असे म्हणून एखाद्या शब्दाची व्याख्या करतो, तेव्हा तो शब्द तेवढ्यापुरता कायद्याच्या मालकीचा होतो, आणि अनुवादकाने आपल्या कानापेक्षा व्याख्येवर विश्वास ठेवावा. हे उत्तर मला पटले. पूर्ण पटले नाही, कारण कसोटी जर व्याख्येपुढे मान टाकते तर कायद्याच्या अनुवादात तिचा उपयोग निम्माच उरतो; पण वर्गात 'माझी कसोटी अडते' म्हणणारे शिक्षक मी फार पाहिलेले नाहीत.

'मॉडिफाय' साठी मात्र ती कसोटी लख्ख चालली. लॅटिन 'मोडुस' म्हणजे माप, आणि मॉडिफाय करणे म्हणजे मापात आणणे, थोडे कमीजास्त करणे. उदाहरण पुणेकरांच्या रोजच्या वाचनातले होते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ३७ खालील 'फेरबदला'च्या सूचना आपण वर्तमानपत्रांत वाचतो. अमुक भूखंडावरचे आरक्षण वगळणे वगैरे. त्या कलमाची सुरुवात अशी आहे की, अंतिम विकास आराखड्यातील 'मॉडिफिकेशन' जर अशा स्वरूपाचे असेल की त्यामुळे आराखड्याचे स्वरूप 'चेंज' होणार नाही, तर ते करता येईल. एकाच वाक्यात दोन्ही शब्द, आणि दोघांमध्ये कायद्याने आखलेली रेघ! मराठीत दोन्ही जागी 'बदल' लिहिले तर 'ज्या बदलाने बदल होणार नाही असा बदल' असे काहीतरी होईल, म्हणूनच मराठीने 'फेरबदल' हा शब्द निराळा ठेवला आहे. बाकी प्रत्यक्षात शहराचे स्वरूप किती बदलले, हा प्रश्न भाषेच्या वर्गात विचारू नये, असे बाईंनीच बजावले.

तिसऱ्या शनिवारी 'अमेंड' आला. लॅटिन 'मेंडा' म्हणजे चूक, दोष. तो बाहेर काढणे म्हणजे 'अमेंड'. या दृष्टीने 'घटनादुरुस्ती' हा मराठी शब्द मूळ शब्दाला जितका धरून आहे तितका क्वचितच एखादा प्रतिशब्द असतो. इतर अधिनियमांच्या बाबतीत मात्र आपण 'सुधारणा' म्हणतो, 'सुधारणा अधिनियम' म्हणतो. दुरुस्ती म्हटले की मोडलेले नीट करणे आणि सुधारणा म्हटले की असलेले अधिक चांगले करणे, हा भेद इंग्रजी शब्दात नाही, मराठीने तो आपल्या मनाने घातला आहे. मग बाई संविधानाच्या अनुच्छेद ३६८ कडे वळल्या, ज्यात संसदेला भर घालून, फरक करून किंवा निरसन करून 'अमेंड' करण्याचा अधिकार दिला आहे. केशवानंद भारती प्रकरणात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायमूर्तींपुढे जो वाद झाला, त्याच्या मुळाशी 'अमेंड' या शब्दाची व्याप्ती किती हा प्रश्न होता, आणि सात विरुद्ध सहा अशा बहुमताने ठरले ते असे की, दुरुस्ती कोणत्याही तरतुदीची करता येईल, पण संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. बदलल्यानंतर काय शिल्लक राहिले पाहिजे, हा वर्गातला फळ्यावरचा प्रश्न देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायपीठाने आपल्या पद्धतीने सोडवला होता, हे ऐकताना दोन तरुण वकील वहीत लिहिणे सोडून नुसते पाहत राहिले. कायद्याच्या महाविद्यालयात हा खटला ते शिकले होते. तो एका क्रियापदाच्या बाजूने कधी पाहिला नव्हता, असे त्यांतल्या एकीने नंतर जिन्यात मला सांगितले.

यानंतर वर्गाचा जोर ओसरला. 'कन्व्हर्ट' म्हणजे वळवणे, वापर किंवा एकक पालटणे; शेतजमीन बिगरशेती करणे हे त्याचे चोख उदाहरण, कारण माती तीच राहते आणि उपयोग फिरतो. 'ट्रान्सफॉर्म' मध्ये रूपच पालटते, म्हणून जाहिराती सोडून इतरत्र तो जपून वापरावा; 'अॅडॅप्ट' आणि 'अॅडॉप्ट' यांत एका स्वराचे अंतर आहे आणि पहिल्यात जुळवून घेणे तर दुसऱ्यात आपलेसे करणे आहे; 'रिव्हाइज' म्हणजे पुन्हा पाहणे, म्हणून अंदाजपत्रक 'सुधारित' होते; 'व्हेरी' म्हणजे एका मर्यादेत कमीजास्त होत राहणे. एवढे सगळे चौथ्या शनिवारी दोन तासांत उरकले. कारखान्यातल्या मुलाला 'कन्व्हर्टर' आणि 'ट्रान्सफॉर्मर' यांच्याविषयी विचारायचे होते, कारण रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, विजेचे रूप पालटत नाही, फक्त दाब कमीजास्त करते, मग नाव असे का. त्याला 'पुढच्या वेळी' असे उत्तर मिळाले आणि पुढची वेळ नव्हती. पाचवा शनिवार घेऊन फी दोन हजार केली असती तरी कोणी तक्रार केली नसती.

आता पुस्तिकेविषयी. फीमध्ये चाळीस पानांची एक छापील पुस्तिका मिळते आणि ती वर्गाच्या शिकवण्याशी उघड वैर धरून आहे. डाव्या रकान्यात शब्द, उजव्या रकान्यात बरोबरीच्या चिन्हापुढे सहा-सात शब्द, वाक्यात उपयोग नाही, शब्दयोगी अव्यय नाही, कोणत्या नामाबरोबर कोणता शब्द जातो याचा पत्ता नाही. जे बरोबरीचे चिन्ह बाईंनी चार शनिवार खपून पुसले, ते पुस्तिकेने पानोपानी पुन्हा काढले आहे. जिथे वाक्ये आहेत तिथे ती परक्या मुलखातली आहेत : हिमवादळामुळे बेत बदलणे वगैरे. पेठेत बसून जमिनीचे फेरफार, आरक्षण आणि सोसायटीचे उपविधी यांच्याशी झगडणाऱ्या माणसाने हिमवादळाचे काय करायचे? मी हे बाईंना विचारले. पुस्तिका संस्थेने काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच कोणाकडून करून घेतली आहे, असे कळले. तसे असेल तर ती देऊ नये, किंवा 'वाचू नये' असा शिक्का मारून द्यावी.

दुसरी उणीव मला जास्त बोचली, कारण पहिल्या शनिवारी इतकी उमेद वाटली होती. मराठीची बाजू नंतर हळूहळू सुटत गेली. जमिनीच्या अभिलेखात 'म्युटेशन' ला, म्हणजे जमिनीच्या हक्कांत झालेल्या बदलाला, आपण 'फेरफार' म्हणतो, त्याची गाव नमुना ६ मध्ये नोंद होते आणि तिच्यावरून सातबारा पालटतो. अनुवादकाच्या टेबलावर हा शब्द 'अमेंड' पेक्षा दसपट वेळा येतो, पण वर्गात तो आलाच नाही. तसेच नामांतर, सत्तांतर, स्थलांतर, रूपांतर, धर्मांतर या सगळ्यांच्या शेपटीला असलेले 'अंतर' म्हणजे संस्कृतात 'दुसरा'. लॅटिनमधल्या 'ऑल्टर' चाही अर्थ 'दुसरा'. बदल आणि चेंज यांची जशी जोडी लावली तशीच ही दुसरी जोडी फळ्यावर येण्यासाठी तयार होती आणि ती कोणी आणली नाही. मी शेवटच्या दिवशी हात वर केला तेव्हा घड्याळ पाच वाजून गेल्याचे दाखवत होते आणि खालच्या मजल्यावरच्या काकू गाड्या काढायला सांगायला वर आल्या होत्या.

गाड्यांवरून आठवले. इमारतीत वाहन लावायला जागा नाही, गल्लीत लावल्यास वर लिहिल्याप्रमाणे काकू येतात. बसने किंवा मेट्रोने जाऊन थोडे चालणे हेच सोयीचे. खुर्च्या प्लॅस्टिकच्या आहेत आणि दोन तासांनंतर त्या जाणवतात. फळा खराखुरा खडूचा आहे, ही गोष्ट मी गुणांत धरते. वर्ग वेळेवर सुरू होतो. चुकलेल्या सत्राची भरपाई नाही आणि तसे आधीच स्पष्ट सांगितले जाते. गृहपाठ मात्र खरा मिळतो : आपल्याच कामातले, आपणच लिहिलेले एक पान आणायचे, त्यातला प्रत्येक 'चेंज' अधोरेखित करायचा आणि तो तिथे का राहावा किंवा का जावा हे एका ओळीत लिहायचे. बाई ते पान घरी नेऊन तपासून आणतात. माझ्या पानावर अकरा 'चेंज' होते. त्यांनी सात तसेच ठेवले, तीन पालटले आणि एका ठिकाणी समासात लिहिले की, इथे काही बदललेलेच नाही, वाक्य काढून टाका.

इंग्रजी बोलायला शिकायचे असेल किंवा स्पर्धा परीक्षेसाठी शब्दसंख्या वाढवायची असेल, तर हा वर्ग तुमच्यासाठी नाही. अप्पा बळवंत चौकात त्यासाठी लागणारी पुस्तके ढिगाने मिळतात. ज्यांच्या लिहिलेल्या कागदावर दुसरा कोणीतरी सही करतो, अशांनी जावे. पुढच्या तुकडीचे क्रियापद 'गिव्ह' आहे असे दारावरच्या कागदावर लिहिले आहे. मी नाव नोंदवले आहे आणि पुस्तिका नको असल्यास फीमध्ये काही सूट मिळेल का, असे विचारले आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.